खिळ्यावर टांगलेली दोरी

मित्रांनो, मी एक जुनी दोरी आहे. दोरी म्हटलं की तुम्हाला वाळत घातलेले कपडे आठवतील. मी तसली नव्हे. मी हातभर लांबीची, चार पदरी, सुरीला बांधायची दोरी आहे. माझं एक टोक सुरीच्या मुठीतल्या भोकात आणि दुसरं मालकाच्या कमरपट्ट्याला. सुरी हातातून सुटली तरी तिला पाण्यात जाऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम. एवढंसं काम, पण त्यावर माणसाचा जीव असतो.

मला एका मुलीनं तिच्या बाबांसाठी विणलं. ते मच्छीमार होते. मुलीची आई वारल्यापासून घरात ही दोघंच. होडीतून जाळं सोडताना त्याचा दोर सरसर पाण्यात धावतो. त्याचा फास पायात पडला की माणूस जाळ्याबरोबर ओढला जातो. अशा वेळी दोर कापायला हाताशी सुरी लागते, आणि ती हाताशीच राहावी लागते. मुलीला हे कळत्या वयापासून ठाऊक होतं. बाबांना यायला जरा उशीर झाला की ती किनाऱ्यावर जाऊन उभी राहायची.

जाळ्यातून उरलेल्या नायलॉनचे चार पदर तिनं घेतले, दोन हिरवे, दोन काळे. ते दाराच्या कडीला अडकवून ती ओढून ओढून विणत गेली. पदर उसवू नयेत म्हणून टोकं मेणबत्तीवर धरून वितळवली. मला चांगलाच चटका बसला! मग तिनं बाबांना उभं केलं, हात लांब करायला लावला आणि माझं माप घेतलं.

"याहून लांब नको," ती म्हणाली. "सुरी लोंबकळेल आणि तुझ्याच गुडघ्यात घुसेल."

"मी म्हणतो, गळ्यातच घालतो. हाताला पटकन सापडेल."

"गळ्यात? कुठं अडकली म्हणजे फास बसेल! पट्ट्यालाच बांधायची."

माझं पट्ट्याकडचं टोक वळवून केलेलं कडं तिनं मुद्दाम साध्या सुती दोऱ्यानं टाचलं. सुरीचं वजन त्या टाक्याला सहज पेलायचं, पण जोराचा हिसका बसला तर तो तुटायचा. "जाळं ओढायच्या चाकात दोरी सापडली, तर हा टाका तुटू दे," ती म्हणाली. "दोरी गेली तर दुसरी होईल. तू जाऊ नकोस म्हणजे झालं."

"शिकवणी संपली का, मास्तरीणबाई?" बाबा हसून म्हणाले. पण मला पट्ट्याला बांधताना त्यांची छाती फुगली होती.

माझी उमेदीची वर्षं त्यांच्या कमरेला गेली. मिठानं मी खरखरीत झाले, खवल्यांनी माखले. एकदा खरंच चाकात सापडले. खाडकन टाका तुटला, मी सुरीसकट चाकाभोवती गुंडाळली गेले आणि बाबा जागच्या जागी उभे राहिले. घरी येऊन त्यांनी निमूटपणे लेकीकडून नवा टाका घालून घेतला.

त्यांच्या होडीवर एक जोडीदार होता. त्याला सगळे मौनी म्हणत, कारण त्याच्या तोंडाला क्षणभर विसावा नसे. एके दिवशी दोराचा फास त्याच्याच पायात पडला. बाबांनी सुरी उपसली आणि घाईत ती हातातून उडाली. मी तिला हवेतच धरलं. बाबांनी ती परत मुठीत घेतली आणि दोर कापला. मौनीनं मला डोळ्यांना लावलं. "ही दोरी नव्हे रे, माझी दुसरी आई आहे!" असं तो किनाऱ्यावर भेटेल त्याला सांगत सुटला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

पुढे मुलीचं लग्न झालं. ती लांबच्या शहरात गेली. निघताना तिनं बाबांना बजावलं, "हिचा एक जरी पदर तुटला तरी कळव. नवी विणून पाठवते."

वर्ष सरता सरता माझा एक पदर तुटला. बाबांनी मला खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं. किती वेळ बघत राहिले! मग साबणानं स्वच्छ धुतलं, वाळवलं आणि आरशाशेजारच्या खिळ्यावर टांगलं.

मौनीनं ते पाहिलं. "अरे, मग सुरीला काय?"

"लेकीच्या हातची आहे रे. संपून गेली तर मागे काय राहील?"

"मग तिला दुसरी पाठवायला सांग की."

"तिचा संसार नवा आहे. तिला कशाला त्रास? आणि इतकी वर्षं सुरी धरतोय, आता काय हातातून सुटते!"

रोज पहाटे बाबा मला हात लावायचे आणि मोकळी सुरी पट्ट्यात खोचून निघायचे. मित्रांनो, दोरीला तोंड नसतं. असतं तर मी बोंब मारून घर डोक्यावर घेतलं असतं.

एके दिवशी ते परतले नाहीत. मौनी एकटा आला.

मुलगी आली ती अनवाणी, सुजलेल्या डोळ्यांनी. माझ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. तिनं मौनीचा हात घट्ट धरला. "काका, खरं सांगा. सुरी होती ना कमरेला? मग माझी गाठ सुटली का? मी टाका फार कच्चा घातला का?"

मौनीनं तिला जवळ बसवलं. तो म्हणाला, "तुझं काही चुकलं नाही, पोरी. फास पायात पडला. त्यानं सुरी काढली, अर्धा दोर कापलासुद्धा. तेवढ्यात होडी कलली आणि सुरी निसटली. त्यानं कमरेशी हात नेला गं, दोरी ओढायला. जुनी सवय. तिथं दोरी नव्हती. मी माझी सुरी शोधून धावलो, तोवर..."

त्यानं खिळ्याकडे बोट केलं.

तिनं मला काढलं, नाकाशी धरलं. मला अजून साबणाचा वास होता. "जपून ठेवली," ती म्हणाली, "वेड्यानं जपून ठेवली!" आणि मला तोंडात कोंबून ती अशी रडली की तो आवाज माझ्या पदरापदरांत शिरला.

"राहू दे तुझ्याजवळ," मौनी म्हणाला. "बापाची आठवण."

"आठवण म्हणूनच टांगली होती त्यानं," ती म्हणाली.

तिनं मला जुन्या जाळ्यांच्या टोपलीत टाकलं, नवे पदर घेतले, दाराच्या कडीला अडकवले आणि मौनीला हात लांब करायला सांगितलं. भेटायला आलेल्या बायका कुजबुजल्या, "बाप गेला आणि ही विणत बसलीय." तिनं मान वर केली नाही.

मी अजून त्याच टोपलीत आहे. मला जपा, असं मी म्हणणार नाही. आम्हाला वापरा, झिजवा, आणि आमचा पदर तुटला की बेलाशक टाकून द्या. बाबांनी लेकीला फक्त एवढंच कळवायला हवं होतं, 'पदर तुटला, नवी पाठव.' तिनं त्याच रात्री विणायला घेतली असती. मित्रांनो, आपल्या माणसाकडे एवढं मागायला संकोच करू नका.