खाली कोणाचं नाव

"ह्यांचा फोटो छाप, पण खाली आमची नावं नकोत," रादोयका खिडकीतून कुजबुजली.

मिलुंकाने चष्मा वर ढकलला. 'मोरावेचा काठ' या साप्ताहिकाच्या खिडकीत बसून एकतीस वर्षं ती श्रद्धांजलीच्या जाहिरातींसाठी गावातल्या मेलेल्यांचे फोटो घेत होती. चाळिसावा दिवस, सहा महिने, वर्ष.

"नावं नकोत? अगं, मग रडतंय कोण? मांजर?"

"हसू नकोस बाई. पोरगा पाणीखात्यात आहे. निधनाची जाहिरात आलेला अंक त्याच्या साहेबानं टेबलावर आपटला न् विचारलं, 'दुसरा पेपर मिळाला नाही का?'"

नगराध्यक्षांच्या पुलाच्या ठेक्याची बातमी छापली, तेव्हापासून सरकारी जाहिराती गेल्या. मग दुकानदारांच्या गेल्या. पेपर मेलेल्यांवर जगत होता. आता त्यांच्यावरही डोळा.

मिलुंकाने अर्ज भरला. शेवटच्या ओळीशी पेन थबकलं. माणूस बेवारशासारखा कसा छापायचा?

    ब्लागोये, ६८. चाळीस दिवस.
    शोकाकुल : मिलुंका, खिडकीवरची.

गावाला वाट सापडली. पुढच्या अंकात तिच्या नावाने सात. त्यापुढच्यात एकोणीस.

"एवढं मोठं कुटुंब सांभाळतेस कशी गं?" संपादक हसला. बऱ्याच दिवसांनी.

मग मुलगी आली. स्लावित्सा सरकारी शाळेत कंत्राटावर शिकवायची. कोट न काढताच उभी राहिली.

"मुख्याध्यापिकेनं अंक समोर ठेवला. म्हणाली, 'तुमच्या आईचं दुःख फारच वाढलंय.' जूनमध्ये माझ्या कागदावर सही व्हायचीय, आई."

"मग मी काय करू म्हणतेस?"

"मी काहीच म्हणत नाहीये." तिने हातमोजे घातले. "शुक्रवारी बाबांना जाऊन वर्ष होतंय. तेवढं लक्षात ठेव."

दुसऱ्या दिवसापासून खिडकीवर आलेल्यांना मिलुंका आपलं नाव द्यायला मान हलवून नाही म्हणू लागली. कोणी कारण विचारलं नाही. त्या आठवड्यात पानावर चारच फोटो होते.

    झिवादिन, ७१. एक वर्ष.
    शोकाकुल :

"खाली कोण?" पान लावणाऱ्याने विचारलं.

"राहू दे तसंच."

शुक्रवारी मेलेल्यांसाठी नेतात ती उकडलेल्या गव्हाची वाटी आणि ताजा अंक घेऊन ती नवऱ्याच्या कबरीवर गेली. मेणबत्ती लावली. अंक गुडघ्यावर पसरला, पिशवीतून पेन काढलं आणि मोकळ्या ओळीत सावकाश आपलं नाव लिहिलं. स्वस्त कागदावर शाई फुटली.

त्या एका प्रतीत.

मग तिने पानाची घडी घातली, नाव आत जाईल अशी, आणि दगडाखाली सरकवून ठेवली.