रुसव्यानंतरची सुट्टी

पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी तारीख – एक जानेवारी. या तुकड्यावर तीच, आधीच्यावरही तीच... सुट्टी संपली की अप्पा कॅमेऱ्याची बॅटरी काढून ठेवायचे, फौजी शिस्त. आणि पुढच्या सुट्टीत ती घातली की कॅमेरा पुन्हा एक जानेवारीवर. नऊ सुट्ट्या, सगळ्या एकाच दिवशी घडलेल्या! संयोगिताला हसू आलं, मग रागही आला – पण गेलेल्या माणसावर रागवायचं तरी किती?

सांगलीत लग्नाच्या फिल्मा जोडताना ती खुशाल पाठवणी आधी लावते आणि मग हळदीवर येते. लोक रडतारडता हसतात; तिचं नाव झालं ते यावरच. आज आष्ट्याला आईशेजारी बसून मात्र तिला सरळ क्रम हवा होता. कारण या तुकड्यात तेरा वर्षांची ती कॅमेऱ्याकडे पाठ करून पायरीवर बसली आहे, खांद्याखाली उतरलेली वेणी, आणि अप्पा हाका मारताहेत – “संयू, बघ की गं हिकडं, यष्टी चुकंल माझी...” ती वळत नाही. त्यानंतर अप्पा युनिटातच गेले, हृदय बंद पडून. कशावरून रुसली होती तेही आता तिला आठवत नाही, पण सतरा वर्षं तीच पाठ दिसते.

“ही काय शेवटची न्हवं,” आई म्हणाली. “ह्याच्यानंतर आलं हुतं की तुझं अप्पा. तू खांद्यावर बसून कैऱ्या काढतीस न्हवं, ती सुट्टी.”

“नक्की?”

“मला ठावं न्हाई व्हय? लाव तसं.”

संयोगितानं कैऱ्यांचा तुकडा उघडला. अप्पांच्या खांद्यावरच्या मुलीचे केस बोटभर होते – पाचवीतल्या टायफॉइडनंतर आईनंच कापून घेतलेले. म्हणजे दोन वर्षं आधीची ही सुट्टी. तिनं वळून पाहिलं. आईची नजर पडद्यावर नव्हतीच, तिच्यावर होती. त्या पाठीबद्दल संयोगिता घरात कधी चकार शब्द बोलली नव्हती, आणि आईला सगळं ठाऊक होतं...

तिनं आईचं ऐकलं. आधी रुसवा, मग कैऱ्या, जोडून चालवलं. अप्पांची हाक, आणि लगेच त्यांच्या खांद्यावरची खिदळणारी पोर. साफ खोटं. तरी छातीतलं काहीतरी सैल झालं.

आणि मग तिच्या ध्यानात आलं – चौकटीत अप्पा आहेत, म्हणजे कॅमेरा दुसऱ्याच्या हातात आहे. तिनं आवाज वाढवला. कॅमेऱ्यामागे एक तरुण बाई मोकळ्या गळ्यानं हसत होती, इतकी की चित्र हलत होतं.

“हे तू?”

“मीच की. दुसरं कोन?” आई पदर सावरत म्हणाली.

सतरा वर्षं आपण आपल्याच पाठीकडे बघत बसलो. आईच्या मनातली शेवटची सुट्टी कुठली, हे कधी विचारलंच नाही... तिनं तुकडा मागे नेला, पुन्हा चालवला, पुन्हा मागे नेला. हे हसू कुठं लावलं म्हणजे ते या घरात पुन्हा ऐकू येईल, हे काही तिला कळेना.