ढगांची पंगत

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला सात गडगडणारे ढग घाट उतरून कुंडवळला वत्सलाकाकूंच्या अंगणात आले, पायरीवर पाय धुतले आणि पडवीत भिंतीला टेकून बसले. काळेकुट्ट, दांडगे, नखशिखांत ओले. आपापल्या विजा त्यांनी छत्र्यांसारख्या कोपऱ्यात उभ्या करून ठेवल्या होत्या, आणि त्या तिथे तडतडत होत्या.

"कुठे निघालात एवढे सगळे?" काकूंनी विचारलं.

"खाली, समुद्रावर," त्यांतला थोराड ढग म्हणाला. "आमचं वादळ संध्याकाळी किनाऱ्याला लागतंय. आम्ही जाऊन मिळालो की अंगाने भरेल. घोटभर पाणी मिळालं तर बरं होईल."

काकूंना आधी लेक आठवली. त्यांची शुभदा खाली खारवाडीला दिलेली, खाडीच्या पलीकडे. दिवस भरलेले, पहाटेपासून कळा सुरू झालेल्या, दवाखाना खाडीच्या अलीकडे आणि वाऱ्यामुळे होडी बंद. तांडेल म्हणाला होता, वारा जरा पडू दे, लगेच सोडतो. आणि इकडे रेडिओ तासातासाला सांगत होता की वादळाचा जोर वाढतोय. वाढणार नाही तर काय! त्याचं सैन्य इथे पडवीत बसून पाणी मागत होतं.

आता आमच्या काकू म्हणजे आग्रहाला महाखमक्या. त्यांच्या दारातून उपाशी गेलेला माणूस अजून जन्माला यायचाय. मागे एकदा कुणी रस्ता विचारायला म्हणून आला, तो चौथ्या दिवशी अंथरुणातून उठला.

"पाणी कसलं पिताय? पानं मांडते," त्या म्हणाल्या. "जेवल्याशिवाय जायचं नाही."

"घाई आहे हो, वहिनी."

"घाई सगळ्या जगाला आहे. बसा मुकाट्याने."

ढग झाले तरी चांगल्या घरचे होते. बसले.

पंगतीचा नियम तुम्हाला मी सांगायला नको. वडीलधाऱ्याचं जेवण होईपर्यंत पानावरून कुणी उठायचं नाही, मग आभाळ कोसळो. आणि काकूंच्या घरात वडीलधारे होते ते त्यांचे सासरे, मामंजी. वय एक्याण्णव, दात चार. एक घास चावून होईपर्यंत मांजर व्यायचं. त्यांच्यापायी गावातले दोन मुहूर्त टळले होते. पुढेपुढे लोक त्यांना आमंत्रण द्यायचे तेच पंगत उठल्यावरचं. काकूंनी त्यांना मानाच्या पाटावर बसवलं आणि कानाशी म्हणाल्या, "मामंजी, शुभदासाठी आज तुम्ही हवं तेवढं सावकाश जेवायचंय."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "चाळीस वर्षं ह्या वाक्याची वाट बघत होतो गो," ते म्हणाले आणि पहिला घास तोंडात घातला.

वरणभात झाला, मसालेभात आला. दर पाच मिनिटांनी घाटावरून नवे ढग उतरत होते, आणि बसलेल्यांकडे बघून तेही बसत होते. पडवी जसजशी भरली तसतशी लांब होत गेली. आधी गोठ्याला लागली, मग शाळेला, मग पुलापर्यंत गेली. पानं कमी पडली तेव्हा परसातल्या केळी पडवीबरोबर चालत आल्या. ढगांच्या अंगावरून इतकं निथळत होतं, की भात आपोआप फुगत होता आणि वरणात पाणी घालायची वेळच आली नाही. काकू पदर खोचून मैल मैल वाढत होत्या. "घ्या हो, एवढ्याशाने काय होतंय? अंग बघा आपलं!"

दोन वाजता शुभदाच्या नवऱ्याचा फोन आला. "वारा मघापेक्षा कमी वाटतोय. पण अजून होडी सोडण्याइतका नाही. आई, हिला फार होतंय हो."

"धीर धरा," काकू म्हणाल्या. "मामंजींचा अजून मसालेभात चाललाय."

आणि इथेच घात झाला. वाढायला मदतीला शेजारचे कमलाकर जोशी आले होते. तीस वर्षं गावच्या पंगती वाढलेला माणूस, हात घड्याळासारखा. जिलबी दोनदा फिरली की ताक फिरवायचं, ही त्यांच्या अंगात मुरलेली सवय. जिलबी दोनदा फिरली आणि कमलाकर ताकाची बादली घेऊन निघाले.

पंगतीत ताक दिसलं की जेवण संपलं, हे ढगांनाही कळतं. पार पुलापर्यंत सगळ्यांनी मांड्या सोडल्या. कोपऱ्यातल्या विजा ताठ उभ्या राहिल्या. थोराड ढगाने पानावर हात आडवा धरला. "झालं, वहिनी. तृप्त झालो. मामंजींचा ताकभात उरकला की निघतो."

मामंजींनी चावणं थांबवलं. ताक काय, त्याला दात लागत नाहीत. एका घोटात खाली. त्यांनी केविलवाण्या नजरेने सुनेकडे पाहिलं.

काकूंनी कमलाकरांच्या हातातली बादली ओढली. मूठभर कोथिंबीर, वाटलेलं आलं, मीठ, चिमूटभर हिंग, सगळं भसाभस त्यात टाकलं आणि डावाने ढवळून त्या सबंध पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "ताक कुणाला म्हणता हो? मठ्ठा आहे हा! जिलबीबरोबरचा! कमलाकरभावजी, जिलबी आणा तिसऱ्यांदा!"

सगळे ढग एकमेकांकडे बघायला लागले. थोराडाने द्रोण तोंडाला लावला, जिभेवर आलं घोळवलं.

"मठ्ठाच आहे," तो म्हणाला.

मैलभर मांड्या पुन्हा घातल्या गेल्या. शाब्बास गं बाई! मामंजींनी जिलबीचं एक वेटोळं उचललं, उजेडात धरून नीट पाहिलं आणि त्याच्या बाहेरच्या टोकापासून सुरुवात केली.

चारच्या सुमाराला ढग एकमेकांच्या खांद्यावर पेंगू लागले आणि झोपेतच गळू लागले. कुंडवळच्या सगळ्या विहिरी काठोकाठ भरल्या. साडेचारला फोन आला, होडी सुटली. सव्वापाचला दवाखान्यातून आला. पलीकडे नुसतं एक कोवळं, संतापलेलं रडणं ऐकू आलं.

"मुलगी!" काकू मैलभर ओरडत गेल्या. "मामंजी, पणती झाली तुम्हाला! आपण जिंकलो!" पेंगणाऱ्या ढगांनी डोळे न उघडता टाळ्या वाजवल्या, आणि त्याने तीन गावांच्या खिडक्या हादरल्या.

तेवढ्यात अंगण आवळलं. घराच्या भिंती एकेक हात आत सरकल्या, कौलांनी श्वास रोखला. दारात वादळ स्वतः उभं होतं. वाळूने माखलेलं, हाडं निघालेलं, कपाळावर एकच डोळा. वाकून ते चौकटीखालून आत आलं.

"माझी माणसं आली नाहीत," ते म्हणालं.

"जेवतायत," काकू म्हणाल्या. त्यांचे हात आधीच पाट मांडत होते. "तुम्हीही बसा. किती वाळलात हो!"

"कुठले आपण?" मामंजींनी चावता चावता विचारलं.

"खोल समुद्रातलं," वादळ म्हणालं आणि मांडी घालून बसलं.

काकूंनी त्याच्यापुढे केळीचं पान मांडलं, मीठ वाढलं, भाताची मूद वाढली, वर पिवळं वरण, तूप. वादळाने हात जोडले. मग तळहातावर पाणी घेतलं आणि रीतीप्रमाणे पानाभोवती फिरवलं. पाणी पानाभोवती फिरलं, आणि फिरतच राहिलं.