आठशे बारा गिऱ्हाइकं

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. शिंपी, चांभार, घड्याळवाले, झाडून सगळे दुकानदार माना उंचावून पडद्याकडे बघत होते. शोधयंत्रात शिंप्याचा कोट सापडला होता, पण नावाखाली नुसता मजकूर, गिऱ्हाइकांच्या पसंतीचा एकही तारा नाही. दुकानदारांच्या मालाला तारे मिळवून देणाऱ्या तारेबाबांनी लॅपटॉपवर पंजा ठेवला आणि डोळे मिटले.

"यंत्रालाही आत्मा असतो, मंडळी! त्याच्या कानात योग्य बीज पडलं की तारे उगवतात!"

पंजा उचलला. कोटाखाली पाच सोनेरी तारे! टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. शिंपी तर बाबांच्या पाया पडायलाच निघाला.

पडद्यामागे बसलेल्या कोडवालीला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बाबांचं बीज म्हणजे तिचं टायपिंग. चार वर्षं ती हेच करत होती आणि मनाची समजूत घालत होती, की कोटाला दोन तारे जास्त लागले म्हणून कुणाचं काय बिघडतं?

बिघडलं होतं. लहानाचं मोठं करणाऱ्या मावशीला घेऊन ती सकाळीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली होती.

"काचबिंदू आहे," डॉक्टर म्हणाल्या. "सहा महिने आधी आला असतात तर डावा डोळा वाचवता आला असता. आता गेलेली नजर परत यायची नाही. डोळ्यांत काय घालत होतात?"

मावशीने बाटली पुढे केली. 'ऑपरेशनशिवाय दृष्टी!' थेंब बाबांच्याच एका गिऱ्हाइकाचे, तारे हिनेच चढवलेले.

बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "तुमच्याच ऑफिसातलं ना गं हे? म्हटलं, आपल्या पोरीच्या हातचं काम, खोटं कसं असेल?"

आता बाबा चांभाराला पुढे बोलावत होते. कोडवाली उठली, पडदा सारून थेट माइकपाशी गेली.

"शिंपीकाका, तुमच्या कोटाला किती जणांनी तारे दिलेत, वाचा बघू."

"आठशे बारा!" शिंप्याची छाती फुगली.

"घड्याळवाले काका, तुमच्या घड्याळांना?"

घड्याळवाल्याने फोन नाकाशी धरला. "आठशे... बारा. अरेच्चा!"

"अगं बाई, माझ्या छत्र्यांनाही आठशे बाराच!" छत्रीवाली ओरडली.

बाबा गरजले, "ती विश्वाची कंपनसंख्या आहे!"

"कंपन कसलं, माझा आळस आहे तो. पहिल्यांदा मनाने आकडा ठोकला, मग तोच सगळीकडे चिकटवला. मघाचं बिनताऱ्यांचं पान म्हणजे जुना फोटो. खरं काम मी तीन आठवड्यांपूर्वीच केलं होतं. तुमच्या पानाच्या पोटात यंत्रासाठी एक चिठ्ठी असते. हे वस्तूचं नाव, ही किंमत, इतक्या लोकांनी इतके तारे दिले. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. यंत्र वाचतं आणि बऱ्याचदा तसंच दाखवतं. हे बघा."

यंत्र काय दाखवेल ते आधी बघायच्या चाचणीच्या खिडकीत तिने चार ओळी टाइप केल्या. पडद्यावर आलं: 'माझी तुटकी चप्पल, पाच तारे, वीस हजार मतं.' सभागृह खो खो हसलं.

"पण गिऱ्हाईक येतंय ना?" शिंपी कुरकुरला. "मग झालं तर!"

"माझी मावशी आली होती गिऱ्हाईक म्हणून," ती म्हणाली. "डोळ्याच्या थेंबांची. तिचा डावा डोळा गेला, काका. ते तारे मी लिहिले होते."

बाबा मागच्या दाराने कधी सटकले, ते कळलंही नाही.

चांभाराने हळूच विचारलं, "मग आम्ही त्या चिठ्ठीत लिहायचं तरी काय?"

"दुकान कधी उघडतं, काय विकता, केवढ्याला. जे गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगाल तेवढंच. ती चिठ्ठी वाईट नाही, काका. खोटं लिहिणारी मी होते."

संध्याकाळपर्यंत तिने एकूण एक पानावरचे तारे काढले आणि घरी येऊन मावशीशेजारी बसली. सगळं सांगितलं. रडलीही.

"चूक माझीही आहे," मावशी म्हणाली. "आठशे बारांपैकी एकाला तरी भेटायला हवं होतं. बाई, तुला खरंच दिसायला लागलं का, असं विचारायला हवं होतं."

"का नाही विचारलंस गं?"

"तू होतीस ना." मावशीने हात पुढे करून चाचपडलं. "उजवीकडे येऊन बस. इकडे बसलीस की दिसत नाहीस."