दोन वाजताची उज्वला, अकरा वाजताची जान्हवी

मित्रांनो, पौडच्या एसटी स्टँडसमोर कल्पनाताईंच्या सायबर कॅफेत सात वर्षं राबलेला मी एक जुना संगणक आहे. आता २०१० साल आहे आणि मी पोटमाळ्यावर पडून आहे. धुळीचं काही वाटत नाही, पण एक गोष्ट मनातून जात नाही.

मी नवा आलो तेव्हा ताईंनी मला हळदकुंकू वाहिलं होतं. बारावीचे निकाल लोक माझ्याच पडद्यावर बघत. "मशीन गुणाचं हाय," असं म्हणत.

दोन वर्षांपूर्वी उज्वला येऊ लागली. मेंढपाळाची लेक, घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. दुपारी दोनला तास सुटले की ती माझ्यासमोर बसे. मैत्री जुळवणाऱ्या एका साइटवर तिला जान्हवी भेटली. पुण्याची, तिच्याच वयाची. उज्वलाच्या बोलण्याला वर्गातल्या मुली हसत, जान्हवी कधी हसत नसे. फक्त विचारी. गाव कोणतं? एसटी कितीची? घरी कोण असतं? उज्वला भाबडेपणाने सगळं सांगे.

एके दिवशी जान्हवीचा निरोप होता, "आज निळी ओढणी छान दिसतेय."

ओढणी निळीच होती. उज्वलाने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

मित्रांनो, मला ठाऊक होतं. रोज सकाळी समोरच्या स्टँडवर उतरणाऱ्या मुली न्याहाळून झाल्या की अकराला त्याच खुर्चीत एक माणूस बसे. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज, ताईंना न चुकता नमस्कार. जान्हवीचं प्रत्येक अक्षर त्याची बोटं माझ्या कळांवर टाइप करत आणि तीन तासांनी त्याच कळांवर उज्वला त्याला उत्तर लिही.

एका गुरुवारी तो बसलेला असताना भारनियमनाने वीज गेली. जान्हवीचं खातं बंद न करता तो तसाच उठून गेला. दोनला उज्वलाने साइट उघडली, तर समोर तिचं पान नव्हतं, जान्हवीचं होतं. स्वतःची एकेक ओळ तिला पलीकडून दिसत होती. खाली आणखी चार मुलींची नावं. आणि सकाळीच तिला धाडलेला निरोप: "शनिवारी आई बाजाराला जाते ना? मी येते घरी."

तिने कल्पनाताईंना हाक मारली. सकाळी त्या खुर्चीत कोण बसलं होतं, ते ताईंना ठाऊक होतं. त्यांनी पोलिसांना कळवलं, तिच्या आईला, सुंदराबाईंना, बोलावून घेतलं.

सुंदराबाईंना वाचता येत नव्हतं. "वाच," त्या म्हणाल्या. "समदं वाच."

उज्वला वाचत गेली.

"हे समदं तूच सांगितलंस व्हय?"

"मला मैत्रीण वाटली, आई."

"रानात कुनी इचारलं, तर मेंढरं कुटं बसवलीत ते आपन लगीच सांगतो का? आदी मानूस बघतो." मग त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "ताईला हाक मारलीस ते लई बरं केलंस."

शुक्रवारी अकराला तो आला, तेव्हा आत पोलीस बसले होते. त्याच्या पिशवीत पाचही मुलींचे छापलेले फोटो निघाले. प्रत्येकाच्या मागे एसटीच्या वेळा होत्या.

उज्वलाने चौघींनाही कळवलं. तिघींनी आभार मानले. जवळच्याच चांदे गावातल्या चौथीने लिहिलं, "जान्हवी माझी जिवाभावाची मैत्रीण आहे. तुम्ही कोण? मी अनोळखी लोकांशी बोलत नाही."

शेवटी उज्वला, ताई आणि एक पोलीसबाई चांद्याला गेल्या. पिशवीतला स्वतःचा फोटो हातात आला, तेव्हा कुठे त्या पोरीला ते पटलं.

मित्रांनो, माझे भाऊबंद आता घरोघरी आहेत. मैत्री जरूर करा, नवं शिका. पण आपला पत्ता, जाण्यायेण्याच्या वेळा, घरी कोण नसतं, हे आमच्या हवाली करू नका. मनात पाल चुकचुकली, तर त्याच दिवशी घरच्यांना सांगा. पलीकडे कोण बसलंय हे आम्हाला कळलं, तरी तुम्हाला सावध करायला आम्हाला हाक मारता येत नाही.