पाच शब्दांची उजळणी

'देवगिरी गवे' ह्या नव्या संघाचा पहिला सामना गारखेड्याच्या मैदानावर झाला, तेव्हा निम्मा खेळ संपेपर्यंत कोण कुणाला का आपटतंय हेच लोकांना कळलं नाही. अमेरिकन फुटबॉल म्हणे! चेंडू पायाला लागतो क्वचित, दिसतो सोललेल्या नारळासारखा, आणि तो काखेत मारून पळणाऱ्यावर चार-चार गडी तुटून पडतात. "हेल्मेटवाली कबड्डी हाय ही," मैदानाबाहेरच्या पानटपरीवाल्यानं निकाल दिला आणि सगळ्या शहरानं तो मान्य केला.

मंजुषाला तो खेळ समजून घ्यायची गरजच वाटली नाही. तिचा नवरा शिवराज चोपन्न नंबरची जर्सी घालून मैदानात उभा होता आणि लोक त्याचं नाव घेऊन ओरडत होते, तिला तेवढं पुरे होतं. शिवराज मूळचा पैठणचा, एकेकाळचा कबड्डीतला पकडबहाद्दर. तिसाव्या वर्षी संघानं वय झालं म्हणून त्याला घरी बसवलं आणि मग दोन वर्षं तो खरंच बसून राहिला. खिडकीपाशी, बनियनवर, तोंडातून अवाक्षर नाही. त्या खिडकीची तिला अजून धास्ती होती. तिच्यापुढं हे आपटणं-बिपटणं तिला किरकोळ वाटलं.

हंगाम दहा सामन्यांचा होता आणि सुरुवातीलाच माशी शिंकली. पहिले दोन्ही सामने हरले. दुसऱ्यात संघातल्या अजिंठ्याच्या सांडूच्या डोक्याला मार बसला. संघाचा फिजिओ अतुल अशा वेळी एक चाचणी घ्यायचा. पाच शब्द सांगायचे, दहा मिनिटं इकडचं तिकडचं विचारायचं, मग तेच पाच शब्द परत म्हणायला लावायचे. त्यानंतर बारा महिन्यांची नावं उलटी म्हणायची. सांडूला दोनच शब्द आठवले. नियमाप्रमाणं त्याला तीन आठवडे बसवलं आणि चौथ्याच दिवशी त्याच्या जागी दुसरा गडी आला. सांडू पिशवी उचलून एसटीनं अजिंठ्याला गेला तो गेलाच.

त्या संध्याकाळी शिवराज घरी आला तो घोकतच. "कंदील, रताळं, पाटा, चिमणी, सुतळी."

"हे काय आणि?"

"परीक्षेचे शब्द. अतुल दर वेळंला हेच इचारतो."

खरंच तेच विचारायचा. चाचणीच्या मूळ कागदात शब्दांच्या सहा याद्या होत्या, पण त्या इंग्रजीत. निम्म्या संघाला इंग्रजीचा गंध नाही, म्हणून अतुलनं पहिली यादी मराठीत बनवली आणि तिच्याच झेरॉक्स काढल्या. उरलेल्या पाच करू-करू म्हणता राहून गेल्या. आपल्याकडे कामं अशीच राहून जातात.

आणि मंजुषा होती अंगणवाडीतली बाई. ज्या पोरांना स्वतःचं आडनाव सांगता येत नाही, त्यांच्याकडून ती पंधरवड्यात अख्खी बाराखडी म्हणून घ्यायची. रीत ठरलेली. शब्दागणिक एक टाळी, सूर चढत जाणारा, आणि शेवटच्या शब्दाला मांडीवर थाप. पाच शब्द म्हणजे तिच्या हातचा मळ!

"बसा समोर," ती म्हणाली.

एवढा थोरला गडी फरशीवर मांडी घालून बसला, हाताची घडी घातली आणि अंगणवाडीतल्या पोरासारखा म्हणाला, "व्हय, ताई." दोघंही पोट धरधरून हसली. त्या घरात दोन वर्षांनी हसू आलं होतं. मंजुषाला तेव्हा इतकं सुख झालं की आपण शिकवतोय काय, हा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

तेव्हापासून रोज चहाआधी उजळणी. पाच शब्द, मग डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत उलटे महिने, टाळीवर टाळी. सगळं बिनचूक आलं की तो मान तिरकी करून विचारायचा, "बरोबर ना, ताई?"

मग गव्यांनी उचल खाल्ली. लागोपाठ चार सामने मारले. क्रांती चौकात फलक लागला आणि त्यावर शिवराजचा चेहरा झळकला. भाजीवाली मालनबाई न मागता कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकायला लागली. मंजुषाची मान ताठ झाली. तिला ते आवडत होतं, आणि का आवडू नये?

सातव्या सामन्यात समोरच्या गड्याचा गुडघा शिवराजच्या हेल्मेटवर आदळला. शिवराज उठला आणि सरळ दुसऱ्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. लोक हसले. मंजुषाही हसली. अतुलनं त्याला बाजूला घेऊन चाचणी केली. पाचही शब्द घडाघडा, महिने घडाघडा. पास!

घरी मात्र त्याला उजेड सोसेना. खिडकीवर त्यानं चादर लावली. एका सकाळी दूध आणलं, तासाभरानं परत आणलं आणि तिसऱ्यांदा पिशवी घेऊन निघाला, तेव्हा तिनं हात धरला. तो वस्सकन अंगावर आला. मग तोच घाबरला आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी उजळणी झाली ती मात्र चोख. मंजुषानं तेवढंच धरून ठेवलं. ज्याला एवढं पाठ येतं त्याचं डोकं बिघडेल कसं? पोपट पढवणाऱ्या बाईनंच पोपटाला शहाणा समजावं, तसं झालं.

दहाव्या सामन्याच्या आदल्या दिवशी अतुलचा फोन आला. हा सामना जिंकला की संघ अंतिम फेरीत जाणार होता.

"वहिनी, चाचणीत शिवराजभाऊ शंभर टक्के हायेत. पण पकडीला उशीर होतोय त्यांना. माझं मन घेत नाय. घरी कसे हायेत? खरं सांगा. तुम्ही म्हणाल तर उद्या बसवतो मी."

शिवराज समोरच उभा होता. फोनमधलं सगळं त्याला ऐकू येत होतं. त्यानं दोन्ही हात जोडले. मंजुषानं त्या हातांकडे पाहिलं, चादर लावलेल्या खिडकीकडे पाहिलं. तिला दूध आठवलं. आणि ती दोन वर्षंही आठवली.

"बरे हायेत की," ती म्हणाली. "काय धाड भरली त्यांना?"

दुसऱ्या दिवशी मार मोठा नव्हताच. साधी पकड होती, रोजच्यासारखी. शिवराजनं गडी पाडला, एका गुडघ्यावर उठला आणि तिथंच बसला. मग आडवा झाला. गवे तीन गुणांनी जिंकले. शहरात फटाके फुटत होते, त्या वेळी डॉक्टर मंजुषाला कागद समजावून सांगत होते: मेंदूत रक्तस्राव, कवटी उघडावी लागेल, सही इथं करा.

चाळीस दिवस तो दवाखान्यात होता. गवे अंतिम सामना हरले, फलकावर कोचिंग क्लासची जाहिरात आली. बाकी कुणी नाही, सांडू भेटायला आला. टवटवीत दिसत होता. लेण्यांच्या रस्त्यावर चहाची टपरी टाकली म्हणाला.

"वहिनी, म्या लई रडलो होतो तवा. ते शब्द ध्यानातच राहिले नाय ना." शिवराजच्या टाके घातलेल्या डोक्याकडे त्यानं पाहिलं. मंजुषा उठून बाहेर व्हरांड्यात गेली. सांडूला नीट उत्तरं देता आली नाहीत म्हणून तो धडधाकट होता. तिचा विद्यार्थी पहिला आला होता.

घरी सोडण्याआधी डॉक्टरबाईंनी शिवराजला खुर्चीत बसवलं. "मी पाच शब्द सांगते, ते लक्षात ठेवा. आंबा, खुर्ची, पाऊस, घोडा, सुई." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आता सांगा बरं, कोणते?"

शिवराजनं हात वर केले. उजवा नीट उचलत नव्हता, तरी टाळी वाजली.

"कंदील." टाळी. "रताळं. पाटा. चिमणी." सूर चढता. "सुतळी." मांडीवर थाप.

डॉक्टरबाई गोंधळल्या. "हे कुठले शब्द? मी हे सांगितलेच नव्हते."

"मी शिकवले," मंजुषा म्हणाली. "परीक्षेत पास व्हावं म्हणून. घोटून घेतले रोज." बाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. त्या रागावल्या असत्या तर मंजुषाला बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं पाहिलं.

"बरं," बाई शिवराजला म्हणाल्या, "ह्या कोण तुमच्या?"

शिवराजनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या. ओळखीचं काहीतरी हाताशी येऊन निसटत होतं, तेही तिला दिसत होतं. मग त्याला सुचलं. त्यानं मान तिरकी केली, पण ह्या वेळी तो हसत नव्हता; अंगणवाडीतल्या नव्या पोरासारखा तिच्या तोंडाकडे भीत भीत बघत होता.

"बरोबर ना, ताई?" त्यानं विचारलं.

"बरोबर," मंजुषा म्हणाली, आणि त्याचा हात धरून त्याला उठवलं.