जनरेटरमध्ये दोष नाही

“बाई, इथं फक्त सही करा,” म्हणत साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मजकूर आधीच टाइप झाला होता: मुख्य जनरेटरचं आर्मेचर जळालं आहे, इंजिन स्वतःच्या ताकदीवर धावण्यास योग्य नाही.

ते आर्मेचर, म्हणजे जनरेटरच्या पोटात फिरणारा गाभा, माझ्या हातचं होतं. तीस वर्षं रेल्वेच्या या शेडमध्ये मी हेच करत आले. तांब्याच्या कॉइली खाचांत बसवायच्या, टेप गुंडाळायची, वार्निश द्यायचं, भट्टीत भाजून काढायचं. एक वेढा चुकला तर सगळं मुसळ केरात.

इंजिन म्हणजे आमची थोरली, शेडमधलं पहिलं डिझेल. ती आली तेव्हा वाफेच्या इंजिनांवर वाढलेल्या लोकांनी नाकं मुरडली होती म्हणे. तिचं डिझेल चाकं फिरवतच नाही. ते जनरेटर फिरवतं, जनरेटर वीज करतो आणि खालच्या चार मोटरी गाडी ओढतात. जुना फोरमन म्हणायचा, वर बसून नुसता आरडाओरडा करायचा आणि राबायचं खालच्यांनी, ही तर साहेबाचीच जात. पण चाळीस वर्षं मालगाड्या ओढल्या तिनं, कुरकुर न करता.

रविवारी तिची शेवटची फेरी होती. बडे पाहुणे बसणार होते आणि तिनं स्वतःच्या ताकदीवर धावावं असा वरून हुकूम होता. वाटेत बंद पडली तर नाक कापलं जाईल, या धास्तीनं साहेबांना मागून नवं इंजिन लावून तिला ढकलत न्यायचं होतं. त्यासाठी कागदावर दोष हवा होता. दोष नव्हता, म्हणून माझा हात हवा होता.

मी मेगर लावून दाखवला. वीज कुठे गळते का, ते या यंत्रावर कळतं. काटा जिथे हवा तिथेच होता. साहेबांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

“भंगारात जाणाऱ्या इंजिनाची कसली आलीय अब्रू, बाई?”

“तिची नसेल, साहेब. माझी आहे.”

शेऱ्याच्या रकान्यात ‘दोष नाही’ असं लिहून मी बाहेर पडले. अंगाचा तिळपापड झाला होता, पण मान ताठ होती. साहेबांनी नवा कागद टाइप करून घेतला. त्यावर माझ्याऐवजी चालकाची सहीही चालत होती, आणि थोरलीचे चालक म्हणजे आमचे हे.

शनिवारी संध्याकाळी चहा पिताना, कपातून डोळे वर न काढता यांनी सांगितलं की सही केली. न केल्यास दुसरा चालक बसवू, असं साहेबांनी बजावलं होतं.

“ती धावली असती, हे तुम्हाला माहीत होतं ना?”

“होतं.”

“मग?”

“अगं, शेवटच्या दिवशी मला तिच्यात बसायचं होतं.”

मला इतकी चीड आली की तोंडाला येईल ते बोलले. साहेब परका होता, त्याला काय म्हणायचं? इथं कुंपणानंच शेत खाल्लं होतं. हे उठून उद्याच्या गणवेशाला इस्त्री करू लागले, त्यानं मी आणखीच भडकले.

रविवारी फलाटाच्या टोकाला जाऊन उभी राहिले. थोरली आली ती मुकाट, ना धूर, ना धडधड. आवाज होता तो मागून ढकलणाऱ्या नव्या इंजिनाचा. पाहुणे टाळ्या वाजवत होते. हे इस्त्रीच्या गणवेशात बसले होते, हात बंद इंजिनाच्या लिव्हरवर. मला पाहताच यांनी मान खाली घातली. मी मात्र नजर हलवली नाही.

दुपारी हे घरी आले. एरवी मनगटापर्यंत तेलानं काळे होऊन येणारे हात आज स्वच्छ होते. तरी हे मोरीत गेले, साबण घेतला आणि हात धुऊ लागले. रोज मी टॉवेल घेऊन मागे उभी असते. आज उठले नाही. आत नळ बराच वेळ वाहत होता.